डाव्या हातातला पंजा

सर, आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी स्नान आटोपून अंगणात दक्षिणेकडे तोंड करून बसलो, ताम्हन पुढे घेतले, तीळ घेतले आणि एकेकाचे नाव घेऊन पाणी सोडीत गेलो. पितर झाले, मातामह झाले, ज्यांनी मला व्याकरणाचे पहिले धडे दिले ते गुरू झाले, सोबतीचे मित्रही झाले. या वयात त्यांची यादी माझ्या पितरांहून लांब झाली आहे. दर वर्षी या ठिकाणी माझा हात थांबतो. तुमचे नाव ओठांवर येते आणि मी ते परत गिळतो. तुमचे गोत्र ठाऊक नाही ही अडचण नव्हे, तिच्यावर शास्त्राने उपाय सांगून ठेवला आहे. अडचण ही की तुमच्या घराने हे सगळे विधी समजून-उमजून सोडले होते, आणि ज्याने जे सोडले तेच त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या ओंजळीत घालणे हा त्याचा सन्मान होत नाही. म्हणून यंदा पाणी दिले नाही. घरात आलो, चष्मा पुसला आणि हे लिहायला बसलो. घरात दुसरे कोणी नाही. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली, मुले दूर आहेत, आणि श्राद्धाचा स्वयंपाक मी माझ्यापुरता केला होता तो झाकून ठेवला आहे.

एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षे. तुम्ही आमच्या सौंसरच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मी संस्कृतचा शिक्षक. एके दिवशी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातून एक लाकडी पेटी आली. तीत दोन लाकडी दांडे, जाड शिवणीचे पांढरे चेंडू, चामड्याचे हातमोजे, तोंडावर बांधायची एक लोखंडी जाळी आणि इंग्रजीतली नियमांची एक पातळ पुस्तिका होती. शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता. तुम्ही शिक्षकांच्या खोलीत आलात आणि विचारलेत, "बेसबॉल कोणाले येते हो?" गणिताचे सर म्हणाले, "क्रिकेटच असंल ना जी ते, नाव बदलवून पाठवलं असंल." सगळे हसले. तुम्ही मात्र ती पुस्तिका माझ्यापुढे सरकवलीत. "पंडितजी, तुम्हाला सूत्रांची सवय आहे. छोट्या वाक्यात मोठं काही लिहून असंल तर ते तुम्हीच वाचू शकता." मी म्हणालो, "सर, मी धोतर नेसणारा माणूस." तुम्ही पुस्तिका उचललीत, दोन पाने गंभीरपणे उलटलीत आणि म्हणालात, "धोतराविरुद्ध यात काही लिहून नाही. पाहून राहिलो मी." असा मी बेसबॉलचा शिक्षक झालो. तुम्ही मला छिंदवाड्याला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवलेत, आणि तेव्हापासून निवृत्तीपर्यंत माझे दिवस दोन भागांत विभागले गेले: सकाळी वर्गात शब्दरूपे आणि संधी, दुपार कलल्यावर शाळेमागच्या मैदानात चुन्याने आखलेला तो चौकोन.

मला खेळ येत नव्हता. शिकवता मात्र येत होते, कारण मला शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती. वृत्ते शिकवताना मी मुलांना लघु आणि गुरु अक्षरे टाळीवर म्हणायला लावीत असे: आखूड अक्षराला ल, लांबट अक्षराला गा. चेंडू टाकणाऱ्या मुलाला, ज्याला पिचर म्हणतात, मी तीच मात्रा लावून दिली. हात डोक्यावर न्यायचा, गा. गुडघा उचलायचा, गा. पुढे झेपायचे, ल. चेंडू सोडायचा, ल. सगळे पोट्टे मैदानात "गा गा ल ल" म्हणत फिरू लागले. तुम्ही व्हरांड्यात उभे राहून ऐकलेत आणि म्हणालात, "पंडितजी, तुम्ही यांच्याकडून खेळ करवून घेऊन राहिले की श्लोक?" मला त्या दिवशी फार बरे वाटले होते. माझ्या वडिलांनी मला कधी अशा रीतीने चिडवले नव्हते.

त्यातच रामाकोन्याहून तो मुलगा आला. नववीत होता, उंच आणि अबोल, तुमच्याच समाजातला. वडील संत्र्याच्या बागेत मजुरीला जात, आणि हा लहानपणापासून ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरांवर ढेकळे फेकीत असे. त्याचा पहिला चेंडू मी पाहिला तेव्हा माझ्या तोंडून चौथे अक्षर निघण्याच्या आत तो पोहोचलेला होता. तो चेंडू झेलणे एकाच मुलाला जमे, आमच्या कॅचरला. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून प्रत्येक चेंडू झेलणारा. त्याच्या डाव्या हातात इतरांच्या मोज्याहून वेगळा, उशीसारखा फुगलेला मोठा चामडी मोजा असतो. पोट्टे त्याला पंजा म्हणत. शाळेत तो एकच होता. सरावाच्या आधी आणि नंतर त्याला जवसाचे तेल चोळून ठेवायचे काम रामाकोन्याच्या मुलाने स्वतःहून घेतले होते. तेल जिरवण्यासाठी तो त्यात हात घालून बराच वेळ मूठ मारीत बसे.

तुमच्या घरी मी तेव्हा अनेकदा येत असे. सामन्यांची पत्रे, मुलांची नावे, परवानग्या, निमित्त असे. स्वयंपाकघराच्या दारातून तुमच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणत असू, विचारायच्या, "चहा ठेवू का जी पंडितजींसाठी?" आणि मी म्हणायचो, आज उपवास आहे. एकदा तुम्ही कागदावरून मान वर न करता विचारलेत, "पंडितजी, तुमच्या पंचांगात महिन्याच्या एकादश्या किती असतात हो?" मी काहीतरी सोमवार-प्रदोषाचे सांगितले. बाई आत हसल्या. पुढच्या वेळेपासून त्यांनी चहाचे विचारणे सोडले. मी बसलो की त्या एक संत्रे आणून माझ्यासमोर ठेवीत, न सोललेले. सालीसकट फळाला कोणाच्याही हाताचा दोष लागत नाही, हा आमच्या घरांतला नियम त्यांना कोणी सांगितला होता कोण जाणे. मी ते सोलून खात असे आणि मनात म्हणत असे, किती समंजस बाई आहे. त्या समंजसपणाची त्यांना काय किंमत पडत असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

मग ते पंधरा दिवस आले. पांढुर्ण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड ठरली होती. निवडलेल्या मुलांना पुढे राज्याच्या स्पर्धेत खेळायला मिळणार होते, आणि त्या प्रमाणपत्रावर पोलिसात किंवा रेल्वेत भरती सोपी होत असे. रामाकोन्याच्या मुलासाठी ती एकच वाट होती. मॅट्रिकनंतर शिकवण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती, हे तुम्हाला माहीत होते आणि मलाही. अशात आमच्या कॅचरला गालगुंड झाले. दुसऱ्या मुलांनी एकेकदा पंजा घालून पाहिला आणि दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूलाच बाजूला झाले. तुम्ही मैदानात आलात. मुलगा चेंडू हातात फिरवीत उभा होता.

"पंडितजी, पिचरला रोज कोणीतरी झेलणारा पाहिजे. तुम्ही बसा."

मी म्हणालो, "सर, बसलो असतो. मनगट दुखते आहे."

दुसऱ्या दिवशी मी घरून उजव्या मनगटाला हळदीचा लेप लावून वर मलमलची पट्टी बांधून आलो. तिसऱ्या दिवशीही. तुम्ही पट्टीकडे पाहिलेत, मग माझ्याकडे. मुले ऐकत नव्हती तेवढ्यात तुम्ही हलकेच म्हणालात, "पंडितजी, पंजा डाव्या हातात घालतात."

मी म्हणालो, "चेंडू परत फेकायला उजवा हात लागतो, सर."

"फेकू नका ना मग. लोळवा. पोरगा उचलून घेईन."

मी पट्टीची गाठ चाचपली. दूर कोणाची तरी सायकल जात होती, तिची साखळी वाजत होती. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत, त्याहून जास्त नाही. मग कोट काढून कुंपणाच्या खांबाला अडकवलात, लोखंडी जाळी तोंडावर बांधलीत, पंजा डाव्या हातात घातलात आणि पंचावन्न वर्षांचे तुम्ही गुडघ्यांचे आवाज करीत उकिडवा बसलात. मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. जाळीच्या आडून तुमचा आवाज आला, "काय पाहून राहिला बे? पंडितजींचं सोवळं असते. चामडं चालत नाही त्यांना. टाक तू." मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याला कारण मिळाले होते. मलाही मिळाले होते, सर, आणि ते तुम्ही दिले होते.

तुम्ही रोज बसलात. मी बाजूला उभा राहून मात्रा म्हणत होतो. त्या आठवड्यातल्या गुरुवारी देवळात भजन होते आणि पखवाज माझ्याकडेच असे. दुसरा वाजवणारा गावात नव्हता. मी पट्टी सोडून खिशात घातली आणि वाजवला. सायंकाळची वेळ होती, दारे उघडी होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर तुम्ही भेटलात, नमस्कार केलात आणि म्हणालात, "काल पखवाज छान वाजून राहिला होता, पंडितजी. रस्त्यावर उभा राहून ऐकला मी." एवढेच. माझे मनगटाचे खोटे उघडे पडले असे मला वाटले आणि मी शरमेने खाली पाहिले. पखवाजाच्या दोन्ही तोंडांवर काय ताणलेले असते, आणि ज्याला चामडे चालत नाही त्याची बोटे त्यावर तासभर कशी चालतात, हे तुम्ही त्याच वाक्यात विचारले होते, हे समजायला मला फार वर्षे लागली. त्या दिवसानंतर मी पट्टी बांधली नाही. आणि तरीही बसलो नाही. तुम्हीही पुन्हा सांगितले नाहीत.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते लिहितो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तुमचा डावा तळहात सुजू लागला होता. तुम्ही तो कोटाच्या खिशात ठेवीत होतात. हजेरीपटाची पाने एका हाताने उलटत होतात. मुलाने ते पाहिले असणार, कारण त्याच सुमारास माझ्या कानांना फरक जाणवू लागला. मी गा गा ल ल म्हणत होतो आणि चेंडू शेवटच्या ल च्या जरा मागे राहू लागला होता. पहिल्यांदा केसभर. मग अधिक. शेवटी-शेवटी तर तिथला ल पुरता गा झाला होता. चेंडू सोडण्याआधी हात क्षणभर थबके आणि मग चेंडू तुमच्या पंज्यात अलगद येऊन पडे. "नेम सुधारला याचा," असे तुम्ही जाळी वर करून म्हणालात. नेम सुधारला नव्हता, सर. तो तुमचा हात वाचवीत होता. मात्रेतला एवढासा दोष आयुष्यभर वर्गात पकडणारा माणूस तिथे चार पावलांवर उभा होता आणि गप्प होता. कारण मी "हळू का टाकतोस" असे विचारले असते तर पुढचा प्रश्न मुलाने केला असता, किंवा तुम्ही: मग झेलायला बसणार कोण?

पांढुर्ण्याला मी त्याला बसने घेऊन गेलो. तुम्हाला शाळेचे निरीक्षण होते म्हणून येता आले नाही. मैदानात निवड करणारे तिघे खुर्च्यांवर बसले होते. समोर तिगावच्या शाळेचा कॅचर होता, जाडजूड, आनंदी पोरगा, पंज्यात मूठ मारून ओरडला, "येऊ दे बाप्पा, रामाकोना! लय आयकून आहे तुझं." मुलाने हात वर नेला, गुडघा उचलला, झेपला, आणि तिथे, शेवटच्या मात्रेवर, थबकला. चेंडू अलगद गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी त्याने दात आवळून टाकला तर तो कॅचरच्या डोक्यावरून कुंपणापर्यंत गेला. चौथा पुन्हा अलगद. तिगावचा पोरगा झेलून हसला, "हे काय रे, फूल वाहून राहिला का?" तिघांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिले आणि पुढचे नाव पुकारले. सर, मी त्याला हाक मारून सांगू शकलो असतो. निवड करणाऱ्यांपाशी जाऊन म्हणू शकलो असतो की याचा खरा चेंडू हा नव्हे, मला पाच मिनिटे द्या. मी झाडाखाली उभा राहिलो. माझ्या हातात त्याचे जेवण होते, फडक्यात बांधलेल्या भाकरी.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. बराच वेळ कापसाची शेते मागे जात राहिली. मी विचारले, "का रे थबकत होतास?"

"आदत पडून गेली जी," तो म्हणाला. "बडे सरांचा हात सुजून राहिला होता. मंग म्या हळू टाकाले लागलो. आज जोर लावाले गेलो तर हातच आयके ना." आणि थोड्या वेळाने, "सरांले नका सांगू गुरुजी. त्याईले वाटंन, आपल्यापायी झालं."

मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दाराशीच उभे होतात. मी म्हणालो, "नवखे मैदान, सर. बिचकला पोरगा." तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "पुढल्या वर्षी पाहू." पुढल्या वर्षी तो शाळेत नव्हता. कापसाच्या जिनात, सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामाला लागला होता. तुम्हाला न सांगण्याला मी इतके दिवस मुलाला दिलेला शब्द म्हणत आलो. त्याचा शब्द तुमचे मन जपण्यासाठी होता. माझे मौन कोणासाठी होते, हे तुम्हाला निराळे सांगायला नको.

तुम्ही निवृत्त होऊन तिगावला राहायला गेलात आणि दोन वर्षांत गेलात. मला बातमी चौथ्या दिवशी कळली. मी पॅसेंजरने तिगावला आलो, स्टेशनवरून विचारत घर शोधले. वाटेत एक निश्चय केला होता: आज बाईंच्या हातचा चहा मागून घ्यायचा. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी तुमचे छायाचित्र लावले होते. बाई आत गेल्या आणि एक संत्रे आणून माझ्यासमोर ठेवले, न सोललेले. त्या दुःखातही त्यांना माझा नियम आठवत होता. मी चहा मागितला नाही. मी ते संत्रे सोलले. साली कुठे टाकाव्या हे कळेना म्हणून हातातच धरून बसलो. त्यांनीच त्या माझ्या हातून घेतल्या.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे हा खेळ शिकवला. दोन-तीन मुले पुढे खेळलीही, पत्रे पाठवीत, आता पाठवीत नाहीत. कॅचर नसला की मी शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने चौकोन आखून देत असे आणि पिचरला म्हणत असे, भिंतीवर टाक. भिंतीवरून चेंडू परत येतो, भिंतीचा हात सुजत नाही. मुलांना ते कधी विचित्र वाटले नाही. गावात मला लोक मान देतात. प्रवचनाला बोलावतात, आणि मी समत्वावर बोलतो, सर्वांभूती वसणाऱ्या एका तत्त्वावर बोलतो, चांगले बोलतो असे म्हणतात. बोलत असताना मागच्या रांगेत पाहण्याची मला सवय लागली आहे. एवढ्या जणांत मला चिडवणारे कोणी बसलेले नसते.

हे पत्र टाकण्याजोगे ठिकाण नाही. बाईही गेल्या, तिगावचे घर दुसऱ्यांचे झाले. लिहून झाले की नित्यपाठाच्या पोथीच्या वेष्टनात ठेवीन. पण संपवण्यापूर्वी एक गोष्ट राहिली आहे. तुम्ही त्या मुलाला चामड्याचे कारण दिलेत, आणि तेच मी इतकी वर्षे स्वतःलाही देत आलो. डाव्या-उजव्याची चूक पाहून तुम्हाला वाटले असेल की या माणसाने पंजा कधी हातातच घेतला नसावा. तसे नव्हते. ती पेटी आली त्या दिवशी तुम्ही पोचपावतीवर सही करायला कचेरीत गेला होतात आणि सामानाच्या खोलीत मी एकटा होतो. पंजा कोरा करकरीत होता, त्यात अजून कोणाचाही हात गेलेला नव्हता. मी दार लोटून घेतले, तो डाव्या हातात घातला आणि उजव्या हाताची मूठ त्यात तीन-चार वेळा मारून पाहिली. छान बसला होता, सर. त्या सायंकाळी संध्येला बसण्यापूर्वी मी स्नानसुद्धा केले नव्हते.